मुरुडच्या अलीकडचा फाटा

आमच्या घरात सकाळ व्हायची ती सुईच्या खडखडाटानं. अव्वा, म्हणजे माझी आई, स्टोव्हला पंप मारायची, त्यावर एक चेपलेलं पातेलं चढवायची आणि पातेल्यात काचेची सिरिंज अन् सुई सोडायची. पाण्याला उकळी फुटली की ती काच बुडाशी नाचायला लागे आणि तो आवाज मला अंथरुणातून उठवी. आजही शेजारी कुणाकडं अंडी उकळत असली की माझा हात नकळत कापूस शोधायला लागतो. अप्पांना, म्हणजे माझ्या वडलांना, साखर निघाली होती आणि रोज सकाळी दंडात सुई घ्यावी लागायची. अव्वाचा हात कापायचा. मी मॅट्रिक होऊन घरीच बसले होते, म्हणून डॉक्टरांनी मलाच समोर बसवून मोसंबीत सुई टोचायला शिकवलं. इन्सुलिनची बाटली माठाखालच्या ओल्या वाळूत पुरलेली असे. ती काढायची, दोन तळव्यांत घोळवायची, औषध ओढायचं, बुडबुडा घालवायचा. अप्पा दंड पुढं करून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायचे आणि सुई बाहेर आली की म्हणायचे, "झालं? मला वाटलं अजून टोचायचीय." रोज हेच म्हणायचे आणि मी रोज हसायचे.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी माझ्या डोक्यात ठोकून बसवल्या होत्या. सुई टोचली की थोड्या वेळात पोटात अन्न गेलंच पाहिजे. आणि नाही गेलं, घाम फुटला, हात थरथरायला लागले, माणूस काहीतरीच बोलायला लागला, तर सगळी कामं सोडून साखर नाहीतर गूळ तोंडात कोंबायचा. "तेव्हा पेशंटला विचारत बसायचं नाही," असं ते अप्पांच्या समोरच मला म्हणाले होते. अप्पा हसले होते. त्यांना वाटलं असेल, असली वेळ आपल्यावर कशाला येते.

साखरेवर दुसरा उपाय चालण्याचा होता, आणि तिथंच सगळं अडलं. लातूरच्या गोलाईत, भर बाजारात, आमचं कापडाचं दुकान होतं. दुकानदार माणूस सकाळी हात हलवत रस्त्यानं निघाला तर लातूर त्याला सुखानं चालू देईल होय? अप्पा दोन दिवस चालून बघून आले आणि वैतागले. हा विचारतो कुठं निघालात, तो विचारतो कोण आजारी आहे, तिसरा चहाला बसवतो आणि चहात साखर घालतो. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागतं. आणि कारण सांगायचं नव्हतं, कारण माझं लग्न व्हायचं होतं. पोरीच्या बापाला साखर आहे असं बाहेर फुटलं की स्थळं दारावरूनच माघारी जातील, उद्या पोरीलाही निघेल म्हणतील, हा अव्वाचा धसका. म्हणून घरातल्या सुईचा आवाजसुद्धा शेजारी जाऊ नये यासाठी ती स्टोव्ह मागच्या पडवीत नेऊन पेटवायची. लोक म्हणतील याची भीती होती, तेच शेवटी खरं झालं म्हणा. मलाही साखर आहे, आता कैक वर्षं झाली. पण तोवर माझं लग्न होऊन, पोरं होऊन, सासू-सासरे जाऊन सगळं उरकलं होतं.

तर अप्पांनी यावर तोड काढली ती येष्टीची. सकाळच्या पहिल्या गाडीत बसायचं, मुरुडच्या अलीकडं एका फाट्यावर उतरायचं, तिथून गाडीवाटेनं रानातून चालत पुढच्या फाट्यावर निघायचं आणि मुरुडहून माघारी येणारी गाडी धरून परत लातूर. दुकान तेवढा वेळ गडी उघडून बसायचा. माझी नेमणूक सोबतीला. फाट्यावर उतरलं की पहिल्या कडुलिंबाखाली बसून भाकरी खायची आणि मग चालायचं, असा नियम होता, कारण सुई घरीच टोचलेली असायची. कंडक्टर चेष्टेखोर होता. मुरुडला सासुरवाडी केली की काय शेटजी, म्हणायचा. अप्पांनी त्याला सांगून टाकलं, जमीन बघतोय. झालं. आठ दिवसांत दलाल दुकानात येऊन बसायला लागले. कुणी विहिरीवर मळा घ्या म्हणे, कुणी भाऊबंदकीतला तुकडा स्वस्तात देतो म्हणे. अप्पा प्रत्येकाला गंभीर तोंड करून माती कशी आहे, पाणी कुठवर आहे असं विचारायचे आणि दलाल गेला की गल्ल्यामागं तोंड लपवून हसायचे. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, पण हे खोटं त्यांना आवडायला लागलं होतं असं मला वाटतं.

आणि ते चालणं. दुकानात अप्पा कापडाखेरीज दुसरं बोलायचे नाहीत. घरात त्याहून कमी. पण फाट्यावर उतरून भाकरी पोटात गेली, धोतराचा सोगा वर खोचला, की माणूस बदलायचा. दोन्ही बाजूंना उभी ज्वारी, मधून बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, एका चाकोरीत ते, दुसऱ्या चाकोरीत मी. पुढं एक ओढा, ओढ्यापलीकडं शिखर नसलेलं महादेवाचं देऊळ. तिथून लांबवर कुणाच्या तरी विहिरीवरचं इंजिन टुकटुकत असायचं. अप्पा कणसं हातानं चाळवत चालायचे, आजोळच्या उदगीरकडच्या गोष्टी सांगायचे, लहानपणी कसे ओढ्यात पडले, मामानं कसं चोपलं. देवळापाशी आलं की कानडीतलं एक भजन अर्धंच म्हणायचे, कारण पुढचं त्यांना येत नव्हतं. अव्वानं बांधून दिलेल्या फडक्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी मेथीची कोरडी भाजी. त्या फडक्याच्या एका कोपऱ्यात गुळाचा खडा वेगळा गाठ मारून ठेवलेला असे. तो कधी सोडावा लागला नाही, तसाच घरी परत यायचा आणि संध्याकाळी अव्वा मला चहात घालून द्यायची. माझ्या आयुष्यात मला वडील मिळाले ते त्या फाट्यापासून पुढच्या फाट्यापर्यंत. एरवी ते दुकानाचे होते.

आम्ही लिंगायत. आमच्यात बाई असो, पुरुष असो, गळ्यात इष्टलिंग असतं, सुपारीएवढं, चांदीच्या डबीत घालून दोऱ्यानं छातीशी बांधलेलं. सकाळी आंघोळ झाली की ते डाव्या तळव्यावर घेऊन पूजा करायची, आणि जेवायला बसलं की पहिल्या घासाआधी हात तिथं जातोच. ते जन्माला आल्यावर अंगावर चढतं आणि मेल्यावर तळव्यावर ठेवून सोबत पुरलं जातं. मध्ये कधी अंगावेगळं करायचं नाही. आणि हरवलंच तर? तर सापडेपर्यंत किंवा मठातले स्वामी येऊन दुसरं देईपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. जुनी माणसं याहून कडक सांगायची, लिंग गेलं म्हणजे प्राण गेला, आता जगून काय करायचं, इथवर. आता पोरं एवढं पाळत नाहीत. माझ्या नातवाची डबी बँकेच्या लॉकरात आहे, चांदी चोरीला जाईल म्हणून. मी काही बोलत नाही. बोलायचा हक्क मी त्या सकाळीच घालवून बसले असं कधी कधी वाटतं, आणि कधी कधी वाटतं की कमावला.

शिमग्याच्या आधीचे दिवस होते, ज्वारीची काढणी चालली होती. त्या दिवशी गाडी लातूर सोडून थोडी पुढं गेली आणि नाक्यावर बंद पडली. ड्रायव्हरनं खूप वेळ खाली वाकून काहीबाही केलं, मग कंडक्टर म्हणाला, गडीमाणसं उतरा, धक्का मारा. मी अप्पांचा सदरा धरला. उतरू नका, असं डोळ्यांनी सांगितलं, मोठ्यानं सांगायची सोय नव्हती. पण गाडीत धट्टेकट्टे दिसणारे अप्पा बायकांत बसून राहिले असते तर लोकांनी विचारलं असतं, काय होतंय शेटजी. लपवाछपवी अशी असते. एक गोष्ट झाकली की तिच्यासाठी गाडीसुद्धा ढकलावी लागते. अप्पा उतरले आणि मागं जाऊन सगळ्यांच्या बरोबरीनं खांदा लावला. गाडी थोडी सरकायची, खोकायची, थांबायची. पुन्हा धक्का. असं बराच वेळ चाललं. सुरू झाली तेव्हा सगळे पळत पळत चढले, अप्पा घामेजून माझ्या मागच्या बाकावर बसले आणि कंडक्टरला म्हणाले, निम्मं तिकीट परत दे. सगळी गाडी हसली. मी हसले नाही. सुई टोचून किती वेळ झाला याचाच हिशेब माझ्या डोक्यात चालला होता.

फाट्यावर उतरलो, लिंबाखाली बसलो. मी घाईघाईनं फडकं सोडलं, फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर घातलं. अप्पांनी भाकरी मोडली आणि डावा हात सवयीनं सदऱ्याच्या आत गेला. तो तिथंच राहिला. मग दुसरा हातही आत गेला. मग त्यांनी सदरा काढून झटकला, कंबरेचा सोगा सोडून बघितला. शिवदोरा तुटलेला, त्याचं एक टोक बनियनला चिकटलेलं, डबी नाही.

"गौरा," ते म्हणाले, "लिंग न्हाई."

आम्ही लिंबाखालची सगळी जागा चाळली. फाट्यापर्यंतची वाट बघितली, उतरलो ती जागा बघितली. मला आतून कळत होतं की दोरा तुटला तो गाडी ढकलताना, आणि डबी आता नाक्याच्या धुळीत तरी असणार नाहीतर मुरुडच्या दिशेनं गेलेल्या गाडीत. अप्पांनाही कळलं. ते डांबरी रस्त्यानं उलटं लातूरच्या दिशेला चालायला लागले. गाडी मध्येच कधी येईल तेव्हा येईल, नाका इथून कितीतरी लांब, आणि अंगात सुईचं औषध गेलेलं. मी फडकं घेऊन त्यांच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"अप्पा, दोन घास खावा. मग आपण मिळून हुडकू."

"लिंग अंगावर न्हाई अन् खाऊ? माझ्या बापानं असं केलं न्हाई."

"तुमच्या बापाला सुई न्हवती."

असं मी वडलांना कधी बोलले नव्हते. ते मला वळसा घालून पुढं निघाले. मी मागून बोलत राहिले. निदान पाणी प्या म्हटलं. घरी गेल्यावर स्वामींना बोलावू म्हटलं, देव एवढा कोत्या मनाचा नसतो म्हटलं, शेवटी रडले. ते नुसतं चाल म्हणत होते. मला त्यांचा इतका राग आला होता की हातातली भाकरी त्यांच्या पाठीवर फेकून मारावी. ज्या चालण्यासाठी आम्ही एवढं खोटं बोललो, तेच चालणं त्यांच्या अंगातली उरलीसुरली साखर जाळत होतं, आणि हे त्यांना माहीत होतं, आणि ते चालत होते.

थोडं अंतर गेल्यावर सदऱ्याची पाठ घामानं ओली झालेली मला दिसली. ऊन अजून चढलं नव्हतं. मग पाय वेडेवाकडे पडायला लागले. मी बाजूनं पुढं गेले तर ते हसत होते, आणि दोन्ही हात असे लांब करत होते, कापड मोजावं तसे. "पॉपलीन हाय, धुतल्यावर आटत न्हाई," समोर कुणी नसताना ते म्हणाले. मी त्यांना हाताला धरून रस्त्याच्या कडेला बसवलं. बसले ते तिथंच कलंडले.

बाजूच्या रानात बाया ज्वारी काढत होत्या. त्यातली एक विळा तसाच हातात घेऊन पळत आली. कोण, कुठली, मी विचारलं नाही आणि नंतर कधी कळलंही नाही. तिनं अप्पांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, साखर, सुई, लिंग, सगळं, महिनोन् महिने गावापासून लपवलेलं. अप्पांचे डोळे उघडे होते. मी फडक्याच्या कोपऱ्याची गाठ दातानं सोडत होते तेव्हा त्यांनी गुळाकडं बघितलं, आणि तेवढ्यापुरते ते पूर्ण शुद्धीवर आले असं मला वाटलं. पॉपलीन नाही, गिऱ्हाईक नाही. माझे वडील.

"देऊ नको, गौरा," ते म्हणाले.

माझा हात थांबला. खोटं कशाला सांगू, थांबला. लहानपणापासून त्यांनी मला एवढं सरळ काही मागितलं नव्हतं.

ती बाई माझ्याकडं बघत होती. "पोरी, आण इकडं, मी देते," ती म्हणाली. "पाप लागायचं असंल तर माझ्या डोक्यावर पडू दे. तुझा बाप मरायलाय."

मी खडा तिच्या हातात दिला नाही. विळ्याच्या मुठीनं फोडला, तांब्यातल्या पाण्यात भिजवून बोटांनी कुस्करला आणि अप्पांच्या गालात आतून घातला. त्यांनी दात आवळले. मी जबडा धरून बोट आत सारलं तर ते चावले, असं तसं नाही, सगळा जोर लावून. बाई त्यांचे गाल दाबत होती, मी ओरडत होते, आणि माझ्या बोटाचं रक्त आणि गूळ एकत्रच त्यांच्या हिरडीला लागत होतं. तरी मी बोट काढलं नाही. पुन्हा गूळ घेतला, पुन्हा घातला. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर ती खूण अजून आहे, थंडीत दुखते. किती वेळानं त्यांचा जबडा सैल पडला ते आठवत नाही. आधी श्वास नीट झाला, मग डोळ्यांत ओळख आली. त्यांनी जिभेनं ओठ चाटले आणि चव कळली.

"काय दिलंस?"

"गूळ."

ते उठून बसले, बाजूला वळून थुंकायला गेले, पण थुंकायला काही उरलं नव्हतं. बाईनं तांब्या पुढं केला. तो त्यांनी हातानं मागं सारला. गूळ माझ्या हातानं गेला, पाणी ते स्वतःच्या हातानं पिणार नव्हते. मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावर ओढला आणि तसेच बसून राहिले. बाई थोडा वेळ थांबली, माझं बोट आपल्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून दिलं आणि पुन्हा कामाला गेली. मला तिचे पाय धरायचे होते, पण अप्पांना एकटं सोडून उठायचा धीर झाला नाही. मुरुडकडून गाडी येईपर्यंत आम्ही दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर बसलो होतो. नाक्यावर उतरून बघितलं. धूळ, चाकांच्या खुणा, विड्यांची थोटकं. चांदी पडलेली दिसली असती तर कुणी ठेवली असती?

घरी आल्यावर अव्वानं अप्पांचं तोंड बघितलं, त्यांच्या मुठीतला तुटका शिवदोरा बघितला, माझं बोट बघितलं आणि कुणालाही काही न विचारता मठात निरोप धाडला. स्वामी दुपारच्या आत आले. तोवर अप्पा पाटावर भिंतीला टेकून बसले होते, घोटभर पाणी नाही, आणि अव्वा दारात उभी राहून एकदा रस्त्याकडं, एकदा त्यांच्या कपाळावरच्या घामाकडं बघत होती. स्वामींनी विचारलं, कधीपासून उपाशी? अप्पा म्हणाले, सकाळपासून. एवढंच. गुळाचं ते बोलले नाहीत. अव्वानं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. स्वामींनी मंत्र म्हणत नवं लिंग त्यांच्या तळव्यावर ठेवलं, पूजा झाली, नवा शिवदोरा गळ्यात पडला आणि मग अप्पा जेवले. अव्वानं त्या दिवशी भाकरीवर एवढं तूप घातलं होतं की ते ताटात उतरलं.

त्यानंतर अप्पा माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, राग नाही. सकाळी पातेलं खडखडायचं, मी बाटली काढायची, ते दंड पुढं करायचे, कॅलेंडरकडं बघायचे. सुई निघाली की उठायचे. "झालं?" नाही, काही नाही. कधी माझ्या बोटाच्या चिंधीकडं नजर जायची आणि लगेच फिरायची. मला वाटायचं की आपण त्यांचा धर्म बुडवला म्हणून ते आपलं तोंड बघत नाहीत, आणि मी रात्री पांघरुणात चिडून रडायचे. मेला असतात तर बरं झालं असतं का, असं त्यांना विचारावं वाटायचं. आता मी त्यांच्या त्या वेळच्या वयाहून मोठी आहे आणि मला वाटतं, त्यांना माझी लाज नव्हती. लिंगासमोर बसून, स्वामींसमोर, ते अर्धं खरं बोलले होते. दलालांना फसवणं वेगळं. आणि उरलेलं अर्धं माहीत असलेली मी रोज सकाळी सुई घेऊन त्यांच्यासमोर बसत होते. पण हा माझा अंदाज. त्यांनी यातलं काही कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

चालणंही बंद झालं. गाडी सुटायच्या वेळी ते दुकानाची किल्ली घेऊन निघायचे. कंडक्टरनं दुकानात डोकावून विचारलं म्हणे, जमीन मिळाली वाटतं. उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या. डॉक्टर ओरडले. साखर वाढली होती, पायाच्या अंगठ्याला जखम झाली ती भरेना. अव्वा रोज हळद लावायची आणि माझ्याकडं असं बघायची की जणू यावरही माझ्याच हातात काही उपाय आहे. नव्हता. मी सतरा गोष्टी मनात बोलायचे आणि एकही तोंडातून निघायची नाही. आमच्या घरात सगळेच असे, तोंडाला कुलूप लावून जगणारे. अंगठा काढावा लागेल असं डॉक्टर म्हणाले त्या दिवशी मात्र मी पडवीत बसून मोठमोठ्यानं रडले, शेजारी ऐकू गेलं तरी चालेल म्हणून.

अंगठा वाचला. कसा ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. दिवाळी होऊन गेल्यावर एका संध्याकाळी जेवताना अप्पा अव्वाला म्हणाले, उद्या भाकरी बांधून दे. माझं नाव घेतलं नाही. सकाळी सुई टोचली आणि मी तशीच उभी राहिले. ते दारात चपला घालून थांबले होते. अव्वानं मला मागून ढकललं.

गाडीत ते पुढं बसले, मी मागं. कंडक्टरनं चेष्टा केली नाही, कुणीतरी त्याला आजारपणाचं सांगितलं असावं. फाट्यावर उतरलो. लिंबाखाली बसलो. अप्पांनी हात धुतले, छातीशी हात नेला, डबी चाचपली, भाकरी खाल्ली. मीही खाल्ली. ज्वारी पुन्हा कमरेएवढी आली होती. त्या कडेला, जिथं ते कलंडले होते, तिथं गवत वाढलं होतं, आणि बघायचं नाही म्हणूनही मी बघितलं. रानात त्या दिवशी कुणी नव्हतं.

आता मी नांदेडला असते. साखरेसाठी मलाही चालायचंच आहे. सून म्हणते, समोर बाग आहे, तिथं फेऱ्या मारा. मी अर्ध्या तिकिटात अर्धापूरची गाडी धरते, केळीच्या बागांमध्ये उतरते आणि पाटाच्या कडेनं चालते. पर्समध्ये इन्सुलिनचं पेन असतं, आणि पदराच्या टोकाला गाठ. सून हसते, गोळ्या मिळतात की आता साखरेच्या. मिळतात. अप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले. त्यांना बसवून पुरलं तेव्हा डाव्या तळव्यावर ते दुसरं लिंग ठेवलं. "झालं? मला वाटलं अजून टोचायचीय" हे वाक्य त्यांनी शेवटपर्यंत पुन्हा म्हटलं नाही. मी तेही मान्य केलं, कारण त्या दिवशी लिंबाखाली मला दुसरं वाक्य मिळालं होतं.

भाकरी खाऊन झाल्यावर त्यांनी धोतराचा सोगा खोचला, उठायला हात जमिनीला टेकवला आणि तसेच थांबले.

"बोट दुखतंय का अजून?"

"न्हाई," मी म्हणाले. दुखत होतं.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमालाची एक पुरचुंडी काढली. अव्वानं बांधलेली नव्हती, गाठ पुरुषी होती, वेडीवाकडी. आत गुळाचा खडा होता. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडं न बघता, ओढ्याच्या दिशेनं बघत म्हणाले,

"तुझ्यापाशी ठेव. लागलं तर दे. मला विचारू नको."

मी नुकतीच साडी नेसायला लागले होते. पदराच्या टोकाला गूळ बांधला, दोनदा ओढून गाठ बघितली, आणि ते एका चाकोरीतून, मी दुसऱ्या चाकोरीतून, अशी आम्ही चालायला लागलो.